द्राक्षांचा वास

प्लेटचं झाकण उचललं की आधी वास येतो.
गोडसर, जरा आंबूस,
द्राक्षं फडक्यात बांधून कुणी विसरून गेल्यासारखा.
नवी पोरगी म्हणाली, मॅडम, कुणी डबा उघडलाय का?
नाही गं. हा प्रज्योत हुंदरे,
वय चौदा, नंदिहळ्ळी, तालुका बेळगाव.
थुंकी, सकाळची, चहाच्या आधीची.

तान्हा होता तेव्हा आई म्हणायची,
पोराचा मुका घेतला की ओठ खारट होतात.
सगळे हसले. भारताची जीभच तसली, म्हणाले.
सहा वर्षांनी डॉ. हिरेमठांनी त्याचा घाम टिपून घेतला
आणि जीभ खरी ठरली.

आधी त्याच्या छातीत एकटा स्टॅफ होता.
सोनेरी, थिजलेल्या तुपाच्या थेंबांसारखा.
अकराव्या वर्षी स्यूडोमोनास आला.
तांब्याला कळक चढावा तसा
प्लेटभर हिरवा.

आल्या आल्या त्यानं जुन्याचा श्वास धरला.
मारलं नाही. नुसता धरला.
सोनेरी आक्रसत गेला,
टाचणीच्या टोकाएवढा,
चुलीतल्या निखाऱ्यानं राख ओढून घ्यावी तसा मंद.

आता गंमत बघा
(गंमत म्हणू नये खरं तर):
जे औषध पोरगं वाफेतून ओढतं
ते श्वास घेणाऱ्याच्याच दारातून आत शिरतं.
ह्याचा श्वास बंद, म्हणून दार बंद.
औषध आलं, ओसरीवरून परत गेलं.
वैऱ्यानं गळा धरला
म्हणून हा वाचला.

चोवीस तासांत प्लेट टाकून दिली असती
तर हा दिसलाच नसता.
मी शुक्रवारची प्लेट सोमवारपर्यंत ठेवते.
हिरव्याच्या कडेला भिंग धरलं की
ठिपके. आहेत अजून.
आणि हिरवाही पहिल्यासारखा राहिला नाही,
चिकट झालाय, अंगावर शेंबडाची वाकळ ओढून बसलाय.
शेजाऱ्याच्या वाटेला जात नाही फारसा.

बेळगावात असलं काही सांगायला लागलं
की लोकांना लगेच पाट्या आठवतात.
दोन लिप्या, एक गल्ली, वगैरे.
डॉक्टरही एकदा हसत तेच म्हणाले.
मी म्हटलं, नको सर.
गल्लीत भांडण झालं
म्हणून गल्लीला रात्रभर उशीला टेकून बसावं लागत नाही.

त्याला एकदा प्लेट दाखवली, काचेपलीकडून.
बराच वेळ बघत राहिला.
"अक्का, ह्यात मी कुठला?"
मी काचेवर बोट ठेवलं
मधल्या लाल जागेवर,
जिथं अजून काहीच उगवलं नव्हतं.
मग आठवलं, ते मेंढीचं रक्त.
बोट काढून घेतलं.

फॉर्मवर रकाने आहेत: जंतू एक, जंतू दोन,
कुठलं औषध लागू, कुठलं नाही.
दोघांच्या मधे जे चाललंय
त्याला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिते:
दोन्ही एकत्र. बारीक वसाहती. एकाकडे बघून औषध ठरवू नये.
प्रिंटर शेवटची ओळ खातो.
मी ती पेनानं पुन्हा लिहिते.

दुसऱ्या गेटला मालगाडी आडवी आली
की प्रज्योत खोकला दाबून डबे मोजतो.
मागच्या महिन्यात बावीसवर सुटला,
रिक्षावाल्यानं गाडी कडेला घेऊन पाणी दिलं म्हणे.

आज भारताबाईंचा फोन.
रिपोर्ट झालाय काय, कधी येऊ.
मागून त्याचा आवाज,
घोगरा, घाईतला:
"त्यांना सांग की, एकोणतीस!
पुढं डबेच नव्हते."